गिरणीचा गुन्हा डबड्याच्या माथी

काल्याच्या पंगती उठल्या, मांडवात पाच-पन्नास माणसं रेंगाळत राहिली आणि आमच्या निवृत्त गुरुजींनी ठेवणीतला विषय काढला. खांबाला अडकवलेल्या ब्लूटूथच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या डबड्यानं घराघराचा गळा दाबला." पूर्वी पहाटे जात्यावर ओवी होती, सांजेला ओसरीवर भजन होतं, शेतात गाणं होतं; आता ज्याच्या त्याच्या कानात बोंडं, ज्याच्या त्याच्या खिशात कार्ड, आणि घर मुकं. पुरुषांच्या बाजूला माना डोलल्या. बायकांच्या बाजूला आम्ही पत्रावळी गोळा करत होतो. गुरुजींनी मला बाराखडी शिकवलीय, म्हणून मांडवात उलट बोलले नाही. शिवाय माईक त्यांच्या बाजूला होता.

उत्तर मात्र द्यायला हवं, कारण ही तक्रार एकट्या गुरुजींची नाही. ती दिवाळी अंकांत येते, स्नेहसंमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात येते, आणि दर वेळी इतक्या हळव्या सुरात येते की तिची उलटतपासणी करणं असभ्यपणाचं वाटायला लागतं. तो असभ्यपणा मी करणार आहे.

धावडा माझं माहेर. भोकरदन तालुक्याच्या उत्तरेचं, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचं गाव. थोडं पुढं सरकलं की बुलढाणा जिल्हा लागतो. पावसाळ्यात इथं मिरचीचा तोडा चालतो. माल पिंपळगाव रेणुकाईसारख्या बाजारात जातो, आणि सकाळचा भाव संध्याकाळपर्यंत टिकेल याची हमी कुणी देत नाही. तोडायला बसलेल्या बायकांच्या ओळीत एक डबा असतोच. मुठीपेक्षा थोडा मोठा, निळा नाहीतर लाल, मागे कार्डाची खाच. सकाळी त्यावर बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ लागतो. ऊन चढलं की प्रल्हाद शिंदे. भाकरी खाऊन झाल्यावर एखादं विनोदी कीर्तन, आणि परतीच्या वाटेवर पोरींच्या हट्टासाठी सिनेमातली नवी गाणी. बायका मध्येच डब्यावर आवाज चढवून म्हणतात, मध्येच त्याचा कान पिळून त्याला गप्प करतात आणि भावावरून भांडतात. मुकेपणाची व्याख्या बदलली असेल तर गोष्ट वेगळी.

आता मोठा आरोप घेऊ. ओवी कुणी मारली?

जातं थांबलं ते गिरणीमुळे. आधी इंजिनावरची पुकपुक करणारी, मग विजेवरची. ओवी हाताच्या फेऱ्याला बांधलेली होती. एका फेऱ्यात किती अक्षरं बसतात, श्वास कुठं तुटतो, शेवटचा शब्द कुठं लांबवायचा, हे सगळं दगडाच्या वजनावर ठरायचं. फेरा गेला तशी ओवी गेली. गाण्यांचं कार्ड गावात यायच्या कितीतरी आधी जातं लग्नात हळद दळण्यापुरतं उरलं होतं. मयताच्या अंगावरच्या खुणा एकाच्या आणि खटला दुसऱ्यावर, असा हा प्रकार. पण गिरणीवर कुणी भाषण करत नाही. गिरणीला शिव्या दिल्या तर पहाटे चारला उठून दळणार कोण, हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि त्याचं उत्तर मांडवातल्या एकाही वक्त्याला द्यायचं नसतं.

माझ्या आजीनं ते दिलं होतं. शहरातून आलेल्या कुणीतरी तिला जात्यावरच्या ओव्यांचं कौतुक ऐकवलं, तेव्हा ती म्हणाली, "इतकं गोड वाटतंय तर पायलीभर जवारी दळून दाव, मंग म्हन." तिच्या तळहाताला गिरणी आल्यावरही कितीतरी वर्षं घट्टे होते.

आणि जात्यावरच्या ओव्या आज आपल्याला माहीत आहेत त्या कशामुळे? गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून, बायकांसोबत बसून त्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या उतरवल्या गेल्या. पुढं बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं ध्वनिमुद्रणं झाली, संगणकावर सूची तयार झाली, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'नं त्या टप्प्याटप्प्यानं लोकांसमोर आणल्या. आमच्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या त्यात आहेत. नुसत्या कागदावर त्या अर्ध्याच उरल्या असत्या. शब्द कागदावर राहतो. तो म्हणताना बाईचा गळा कुठं दाटला ते टेपेवरच राहतं. ज्या यंत्राच्या नावानं गुरुजी शंख करतात, त्याच्याच जातभाईनं ओवीला आसरा दिला.

बरं, ही तक्रार काही आजची नाही. ग्रामोफोन आला तेव्हाही जाणत्यांनी नाकं मुरडली होती. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांसारख्या घराणेप्रवर्तकानं तबकडीसाठी गायला नकारच दिला. तीन-साडेतीन मिनिटांत राग काय दाखवणार, आणि गाणं बाजारात गेलं की घराण्याची मिरास कुणाच्याही हाती लागणार, या दोन्ही शंकांत तथ्य होतं. परिणाम काय झाला? १९४६ साली ते गेले आणि त्यांचा आवाज त्यांच्याबरोबर गेला. आज जयपूर घराण्याबद्दल आपण जे बोलतो ते शिष्यांच्या गळ्यावरून, म्हणजे त्यांच्या तबकड्यांवरून बोलतो. त्यांतल्याच एक केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवर चढली आणि सूर्यमालेबाहेर निघाली. गोव्यातल्या केरी गावची बाई ताऱ्यांमध्ये पोचली ती तबकडीमुळे. नुसत्या बैठकीतल्या वाहवेला तेवढा पल्ला गाठता आला नसता.

गुरुजींना भीमसेन जोशींचे अभंग फार प्रिय. डोळे पुसत ऐकतात. मग त्यांना हेही ठाऊक असायला हवं की गदगच्या शाळकरी भीमसेननं दुकानातल्या ग्रामोफोनवर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली, तिचं वेड घेतलं, आणि १९३३ साली, अकरा वर्षांचा असताना, गुरूच्या शोधात घर सोडलं. त्या दिवशी दुकानदारानं 'हे डबडं गाणं मारतंय' म्हणून कर्णा झाकून ठेवला असता, तर गुरुजींच्या आषाढी एकादशीचं काय झालं असतं?

मला खरं खटकतं ते वेगळंच. 'घर एकत्र गायचं' हे वाक्य. कोणतं घर? आमच्या ओसरीवर आजोबांच्या भजनी मंडळाची बैठक असायची. पेटी, पखवाज, टाळांच्या आठ-दहा जोड्या. गाणारे सगळे पुरुष. बायका उंबऱ्याच्या आत चहाचं आधण बघत असायच्या. रेडिओ होता, तो देवळीत, पुरुषाच्या हाताच्या उंचीवर. सेल महाग म्हणून तो बातम्या, बाजारभाव आणि कीर्तनापुरता लागायचा. कोणतं केंद्र लावायचं हे आजोबा ठरवायचे, कधी बंद करायचं हेही तेच ठरवायचे. आजीनं आयुष्यभर जे ऐकलं ते चुलीपाशी बसून, दुसऱ्याच्या निवडीचं, भिंतीपलीकडून ऐकलं. या व्यवस्थेला सामुदायिक म्हणायचं असेल तर म्हणा. मी तिला एकाच्या हातातलं बटण म्हणते.

कार्डाच्या डब्यानं ते बटण उतरवून खाली आणलं, इतकंच त्यानं केलं. ते फार मोठं आहे.

माझी वहिनी भाकरी थापताना एकाच कानात इयरफोन घालते. दुसरा कान उघडा, कारण काकू कधी हाक मारतील सांगता येत नाही, आणि दूध उतू जायचं तेही सांगून जात नाही. डाव्या कानात तिचं गाणं, उजव्या कानात सासर. 'कानात बोंडं घालून एकलकोंडी झालीत' म्हणणाऱ्यांनी कधी हा उघडा कान पाहिला नसावा. एकलकोंडेपणाची ही भीती वॉकमनइतकी जुनी आहे. जुलै १९७९ मध्ये सोनीनं पहिला वॉकमन विकायला काढला, तेव्हा कंपनीच्या अकिओ मोरितांनाच वाटलं की एकट्यानं गाणं ऐकणं शिष्टाचाराला सोडून होईल. म्हणून त्या पहिल्या यंत्राला हेडफोनची दोन भोकं ठेवली, आणि एक बटण असं दिलं की ते दाबलं की गाणं हळू होऊन दोघांना एकमेकांशी बोलता यावं. पुढच्या यंत्रांतून हे लाड गेले. पण आमच्याकडच्या शाळकरी पोरींनी ते स्वतःच परत आणलेत. वायरचं एक टोक हिच्या कानात, एक तिच्या, आणि दोघी एकाच पावलानं चालतात, नाहीतर वायर निसटते.

हे झालं गुरुजींच्या बाजूचं. आता दुसरी बाजू माझ्या घरातच बसलीय. भावाचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तो डब्यावर रागावत नाही, त्याला तो केविलवाणा वाटतो. "आत्या, गाणी साठवून काय ठेवतेस? कार्ड, पेनड्राइव्ह, फोल्डर... सगळं ऑनलाइन आहे की. नाव बोललं की वाजतं."

वाजतं, बाळा, पुण्यात वाजतं. डोंगराकडच्या शेतात तुझा मोबाइल एका काडीवर येतो आणि तीही वाऱ्याबरोबर हलते. शेतीपंपाची थ्री फेज वीज आलटून पालटून एका आठवड्यात दिवसा, एकात रात्री येते. रात्रपाळीत तुझा बाप बारा वाजता बारे द्यायला जातो. तिथं त्याच्या सोबतीला बॅटरी, काठी आणि हा डबा असतो. गाणं मनोरंजनासाठी लावत नाही तो. माणूस आहे हे रानडुकरांना कळावं म्हणून लावतो, आणि झोप लागू नये म्हणूनही. त्या वेळी चक्र फिरवत बसलेलं गाणं काय कामाचं?

आणि 'सगळं ऑनलाइन आहे' यातला 'आहे' किती दिवसांचा, तेही पाहू. गुगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद पडलं. रेसो जानेवारी २०२४ मध्ये भारतातून गेलं. विंक, जे आमच्या गावात सिमकार्डाबरोबर घराघरात शिरलं होतं, तेही २०२४ मध्ये गुंडाळलं. लोकांनी वर्षानुवर्षं मन लावून केलेल्या याद्या, हिच्या हळदीची, त्याच्या रात्रपाळीची, एका सूचनेसरशी निरोप घेऊन गेल्या. भाड्याच्या खोलीत झाड लावू नये म्हणतात, तसंच हे. कार्डावरचं गाणं कुणी कंपनी बंद झाली म्हणून उठून जात नाही. कार्ड खराब होतं, हे मान्य. म्हणून दोन ठेवावीत.

गंमत अशी की हीच गोष्ट शहरानं रुबाबात विकत घेतली. २०१७ साली सारेगामानं 'कारवाँ' काढला. जुन्या रेडिओसारखं रूप, आत भरलेली पाच हजार गाणी, इंटरनेटची गरज नाही, गोल बटण फिरवा आणि ऐका. किंमत सहा हजारांच्या घरात. मराठी गाण्यांचाही आला. तो दिवाणखान्यात ठेवला की अभिरुची, आजीआजोबांना भेट दिला की माया. तीनशे रुपयांच्या डब्यात पन्नास रुपयांत भरून घेतलेलं कार्ड खुपसलं की मात्र मागासलेपण. आत चालतं तेच, ऐकणारे कानही तसलेच. फरक फक्त लाकडासारख्या दिसणाऱ्या खोक्याचा.

आता एका कॅसेटकडे येते. मांडवात बसले तेव्हा ती माझ्या पिशवीत होती. आजोबांच्या मंडळाच्या एका बैठकीची, साठ मिनिटांची, वर शाईनं लिहिलेलं पुसट झालेलं. कपाटाच्या तळाशी, लग्नाच्या आहेराच्या वहीखाली सापडली. घरातला टेपरेकॉर्डर चालू करायला दोन दिवस लागले. आतला रबरी पट्टा सैल पडला होता आणि हेडवर काळं साचलं होतं. टेपच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माईकच्या भोकात एक वायर, आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी. ही फुकट मिळते, २००० साली बाहेर आली, आणि माझ्यासारख्या बाईला चार संध्याकाळींत शिकता आली, यावरून काय ते समजा. टेपचा आवाज अगदी कमी ठेवायचा, नाहीतर टाळ वाजले की लाट पट्टीबाहेर जाते आणि आवाज फाटतो. एकदा फाटलेला परत शिवता येत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात. इथं घाई चालत नाही, आणि मला वाटतं ही या कामाची सगळ्यात चांगली बाजू आहे. एरवी आजोबांचं भजन सलग साठ मिनिटं मी कधी ऐकलं असतं?

सुरुवातीला सूर खाली वाटला. सैल पट्ट्यानं टेप हळू चालत होती. आजोबांची पेटी अजून घरात आहे. तिचा सा धरून पाहिलं तर कॅसेटमधला सा दोन पट्ट्यांच्या अध्येमध्ये लोंबकळत होता. एका पट्टीचा फरक म्हणजे वेगात साधारण सहा टक्के. आमचा निम्मा होता, म्हणून तीन टक्क्यांनी वेग वाढवला. सूर पेटीला लागला आणि आजोबा पाच वर्षांनी तरुण झाले. (पेटीच चाळीस वर्षांत उतरली असेल तर आम्ही दोघींनी मिळून चूक केलीय, पण निदान सुरात केलीय.) मग खरखर. बैठक सुरू व्हायच्या आधीचे पाच-सात सेकंद शांततेचे होते, ते सॉफ्टवेअरला दाखवायचे की ही खरखर, हिला काढ. लोभ सुटला तर पंचाईत होते. जास्त काढली की माणसं रांजणात बसून गाताहेत असं वाटतं. मी थोडी ठेवली.

एमपी३ गाण्याचा प्राण घेतो, असं म्हणणारे तिसरे एक असतात, शहरी, जाणकार. त्यांचं अर्धं बरोबर आहे. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, मिनिटाला दहा एमबीच्या आसपास जागा खातात. मोठ्या आवाजाच्या आड जे बारीक आवाज माणसाच्या कानाला तसेही कळत नाहीत, ते एमपी३ गाळतं आणि मिनिटाला एक एमबीत काम भागवतं. तंबोऱ्याच्या झणकारात आणि टाळांच्या किणकिणाटात ही गाळणी कळते. मला स्वतःला कळली. म्हणून मूळ उतरवलेली फाइल न दाबता वेगळी ठेवली आणि डब्यासाठी दाबलेली केली. पण आठ जीबीच्या कार्डात पाच-पाच मिनिटांची दीड हजारांवर गाणी मावतात, ती या गाळणीमुळेच. मिरचीच्या शेतात, वाऱ्यात, तीन इंचाच्या स्पीकरवर तंबोऱ्याच्या वरच्या झणकाराचा शोक करत बसणं मला जमणार नाही.

डब्याचे खरे गुन्हे आहेत, आणि ते मी झाकणार नाही. लग्नातल्या डीजेच्या भिंतींबद्दल गुरुजी एक शब्द बोलले नाहीत, तो आवाज छातीत बसतो. पण ती खिशातल्या कार्डाची करणी नाही, म्हणून सोडते. कार्ड भरून देणारी दुकानं धंदा म्हणून दुसऱ्याची गाणी विकत होती, ती कायद्यानं चूकच होती. पण स्वतःच्या कॅसेटवरून स्वतःच्या घरासाठी उतरवून घेणाऱ्यालाही चोर म्हणायची फॅशन आहे, ती बरी नव्हे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात खासगी वापराच्या रास्त व्यवहाराला मोकळीक आहे, आणि २०१२च्या दुरुस्तीनं संगणकाचे प्रोग्रॅम वगळून ती सगळ्या कृतींना लागू केली. ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांचा असतो, गीताचा आणि चालीचा वेगळा, निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत. म्हणून जुनी तबकडी मोकळी झाली तरी तिच्यातलं गीत मोकळं झालेलं नसतं. तुकोबांचे अभंग मात्र कुणाच्याच मालकीचे नाहीत. ते ज्यांच्या तोंडी बसले त्यांचे.

कार्डाचा सगळ्यात मोठा गुन्हा नावं खाण्याचा. त्याबद्दल कुणीच तक्रार करत नाही. दुकानात भरलेल्या कार्डावर कीर्तनकाराच्या नावाच्या जागी कुठल्यातरी संकेतस्थळाचं नाव, गीतकार गायब, संगीतकार गायब, शाहिरासारखा शाहीर 'ट्रॅक ०७' होऊन बसतो. वामनदादा कर्डकांनी लिहिलेली गाणी आमच्या तालुक्यात हजारो डब्यांवर वाजत असतील, त्यांतल्या किती डब्यांवर त्यांचं नाव दिसतं? ज्यानं आयुष्यभर गाणी लिहिली त्याला फाइलीत दोन ओळींची जागा मिळू नये.

जागा नसते असं नाही. एमपी३ फाइलीच्या शेपटीला नावागावाची चिठ्ठी जोडायची पद्धत १९९६ पासून आहे. पहिल्या पद्धतीत सगळी चिठ्ठी १२८ बाइटची, त्यांत गायकाला ३०. इंग्रजी नावाला ते पुरायचे. युनिकोडच्या आजच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून दहा चिन्हं. 'ज्ञानेश्वर' मोजून दहात बसतं. 'महाराज' म्हणायला जागा उरत नाही. पुढं १९९८ पासून लांबलचक चिठ्ठीची सोय झाली आणि ही अडचण संपली, पण स्वस्त डबे आणि जुने मोबाइल देवनागरी दिसलं की अजून चौकोन दाखवतात. गुरुजी, रागवायचं तर या चौकोनांवर रागवा. मी तुमच्या शेजारी उभी राहीन.

तर मी आजोबांच्या कॅसेटच्या सात फाइली केल्या आणि चिठ्ठ्या भरायला बसले. आजोबांचं नाव लिहिलं, पखवाजवाल्यांचं लिहिलं, टाळकऱ्यांची वडिलांनी सांगितली तेवढी लिहिली. चौथ्या अभंगापाशी हेडफोन लावून ऐकताना थांबले. डब्यावर ते कधीच कळलं नसतं. आजोबा ओळ टाकतात, मंडळी ती उचलतात, आणि मंडळींच्या मागं, लांब, भिंतीआडून आल्यासारखा एक बाईचा आवाज तीच ओळ एक सप्तक वरून म्हणतोय. माईकपासून दूर. मध्ये कपबशी वाजते आणि तो थांबतो, मग पुन्हा येतो. पाचव्यात आहे, सहाव्यात आहे. सातव्यात नाही.

मी तेवढा तुकडा वेगळा काढून, आवाज वाढवून घरात ऐकवला. वडील म्हणाले, "आपल्या बैठकीत बाया कधी म्हणत नव्हत्या." काकू पहिल्या ओळीलाच म्हणाल्या, "ह्या तर आत्याबाई," म्हणजे माझी आजी. वडिलांच्या आत्या खाटेवर पडून ऐकत होत्या, त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा, आणि हात हलवून म्हणाल्या, "ती न्हाई. हा गळा वालसावंगीवालीचा हाय." म्हणजे माझी चुलत आजी. ती माहेरी जात्यावर म्हणायची तेव्हा शेजारच्या बायका दळण घेऊन तिच्याकडंच यायच्या, असं त्यांचं म्हणणं. यावर काकू गप्प बसल्या नाहीत.

गुरुजी त्या बैठकीत होते. टाळकऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आहे, आणि दुसऱ्या अभंगात त्यांचा आवाज मला ओळखू येतो. मी परवा त्यांच्याकडे डबा घेऊन गेले आणि चौथी फाइल लावली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. म्हणाले, आत कोण होतं ते आम्ही कधी पाहिलं नाही.

चुलत आजीची मुलगी मिरचीचा तोडा उरकला की येणार आहे. तोवर तिन्ही फाइलींवर आजोबांच्या नावापुढं मी स्वल्पविराम देऊन जागा मोकळी ठेवलीय. डब्यावर लावलं की नावाचे चौकोन होतात, स्वल्पविराम तेवढा दिसतो.